क्यूरिस्क३ : हृदयविकाराच्या जोखमीचा आकडा देणारा कॅल्क्युलेटर, आणि तो आकडा वाचायचा कसा

येत्या दहा वर्षांत हार्ट अटॅक किंवा पक्षाघात येण्याची शक्यता किती, हे सांगणारे कॅल्क्युलेटर इंटरनेटवर फुकट मिळतात. ब्रिटनमधले डॉक्टर रोज वापरतात तो क्यूरिस्क३, अमेरिकन हार्ट असोसिएशनचा प्रिव्हेंट, युरोपातला स्कोअर२ आणि जागतिक आरोग्य संघटनेचे रंगीत तक्ते ही त्यांतली ठळक नावं. सगळ्यांचं काम एकच, निरपेक्ष जोखीम सांगणं. ती सामान्य माणसाला समजेल अशी मांडण्यात क्यूरिस्क३ बाकीच्यांच्या पुढे आहे. मात्र त्याच्या निकालाच्या पानावर दोन ओळी अशा आहेत, की ज्यांनी चांगला शिकलेला माणूसही फसतो. हे परीक्षण मुख्यतः क्यूरिस्क३चं आहे. बाकीचे तुलनेपुरते येतील.

आधी हा आकडा कशाचा आहे ते पाहू. निरपेक्ष जोखीम म्हणजे तुमच्यासारख्या शंभर माणसांपैकी किती जणांच्या बाबतीत, किती मुदतीत, नेमकी कोणती घटना घडेल याचा अंदाज. यातली मुदत गाळली, घटना कोणती ते सांगितलं नाही किंवा ‘शंभरांपैकी’ हा पाया काढून घेतला, की उरलेल्या टक्क्याला काही अर्थ राहत नाही. सापेक्ष जोखीम वेगळी. ती फक्त एका गटाची जोखीम दुसऱ्या गटाच्या किती पट आहे एवढंच सांगते. मूळ जोखीम लाखात एक होती की दहात एक, हे तिच्यावरून कळत नाही.

१९९५ साली या दोन्हींची चांगली उदाहरणं घडली. स्कॉटलंडमधल्या वोस्कॉप्स चाचणीत कोलेस्टेरॉल वाढलेल्या, पण आधी हार्ट अटॅक न आलेल्या ६,५९५ पुरुषांपैकी निम्म्यांना प्रावास्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गटातलं औषध) आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी दिली होती. साधारण पाच वर्षांत हार्ट अटॅक किंवा हृदयविकाराने मृत्यू होण्याची जोखीम ७.९ टक्क्यांवरून ५.५ टक्क्यांवर आली. हाच निकाल ‘धोका ३१ टक्क्यांनी घटला’ असाही सांगता येतो, आणि तोही खराच आहे. पण गोळी घ्यायची की नाही हे ठरवणाऱ्याला हवा असतो तो २.४ हा फरक. शंभरला २.४ ने भागलं की साधारण ४२ येतात, म्हणजे ४२ जणांनी पाच वर्षं गोळी घेतली तर त्यांतल्या एकाचा झटका टळतो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने इशारा दिला की तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गाठींचा धोका दुप्पट होतो. ही दुप्पट म्हणजे साधारण सात हजारांत एकीऐवजी दोघी. हा पाया लोकांपर्यंत पोचलाच नाही. असंख्य स्त्रियांनी गोळ्या बंद केल्या आणि पुढच्या वर्षभरात इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात वाढल्याचा अंदाज आहे. गर्भारपणात आणि गर्भपातातही गाठींचा धोका असतोच.

आता कॅल्क्युलेटरकडे वळू. क्यूरिस्क३ २०१७ मध्ये आला. तो ब्रिटनमधल्या जनरल प्रॅक्टिस दवाखान्यांच्या नोंदींवर बांधलेला आहे. २५ ते ८४ वयाच्या सुमारे ७९ लाख रुग्णांवरून त्याची समीकरणं बसवली आणि वेगळ्या सुमारे २७ लाखांवर ती तपासली. फॉर्म एका पानाचा आहे आणि रक्त तपासणीचा अहवाल हाताशी असेल तर भरायला पाच मिनिटंही लागत नाहीत. वय, लिंग, वंश, पोस्टकोड, धूम्रपान, मधुमेह, किडनीचा जुनाट आजार, हृदयाचे अनियमित ठोके (एट्रियल फिब्रिलेशन), मायग्रेन, संधिवात (ऱ्हुमॅटॉइड), ल्युपस, गंभीर मानसिक आजार, स्टेरॉइडच्या गोळ्या, पुरुषांसाठी लिंगताठरतेची तक्रार असं बरंच काही त्यात आहे. इतक्या गोष्टी दुसरा कुठलाही प्रचलित कॅल्क्युलेटर विचारत नाही. धूम्रपानाला नुसतं हो-नाही नाही. कधीच नाही, सोडलंय, रोज दहापेक्षा कमी, दहा ते एकोणीस, वीस किंवा जास्त अशा पायऱ्या आहेत. वंशाच्या यादीत भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी असे पर्याय वेगवेगळे आहेत, ही मोठी जमेची बाजू. पोस्टकोडवरून वस्तीची गरिबी मोजली जाते. ब्रिटनबाहेरच्यांनी तो रकाना रिकामा सोडावा. गणित थांबत नाही, फक्त तेवढा एक घटक सरासरी धरला जातो.

चुका होतात त्या चार रकान्यांत.

पहिला रकाना कोलेस्टेरॉलच्या गुणोत्तराचा. इथे एकूण कोलेस्टेरॉल भागिले एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) हवं असतं. अहवालात बहुतेक वेळा त्याच्या खालच्याच ओळीत एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) भागिले एचडीएलही छापलेलं असतं आणि घाईत तो आकडा उचलला जातो. एकूण कोलेस्टेरॉल २००, एचडीएल ४०, एलडीएल १३० असेल तर बरोबर गुणोत्तर ५.० आणि चुकीचं ३.२५. दोन्ही आकडे शक्यतेच्या कक्षेतले, त्यामुळे फॉर्म हरकत घेत नाही. जोखीम मात्र खरीपेक्षा कमी दिसते. गुणोत्तराचा एक फायदा असा, की अहवाल मिलिग्रॅममध्ये असो वा मिलिमोलमध्ये, उत्तर तेच येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात ही सोय नाही. तिथे एकूण कोलेस्टेरॉल मिलिमोलमध्ये लागतं, म्हणजे मिलिग्रॅमच्या आकड्याला ३८.६७ ने भागावं लागतं. २०० चे साधारण ५.२ होतात.

दुसरा रकाना रक्तदाबाचा. वरचा आकडा एकट्या मोजणीचा न टाकता, पाच मिनिटं शांत बसून घेतलेल्या दोन-तीन मोजण्यांची सरासरी टाकावी. त्याच्याच शेजारी ‘प्रमाणित विचलन’ मागणारा रकाना आहे. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या मोजण्यांमध्ये चढउतार किती, हे त्यावरून कळतं, कारण तो चढउतार स्वतःच जोखमीचा एक घटक आहे. इथे लोक दोन मोजण्यांमधली वजाबाकी टाकतात किंवा रक्तदाबाचा खालचा आकडा. १३८ आणि १४६ अशा दोन नोंदी असतील तर विचलन ८ नाही, साधारण ५.७ आहे. आकडेमोड जमत नसेल तर रकाना रिकामा ठेवणं कितीतरी बरं.

तिसरा, कुटुंबातला हृदयविकार. फक्त आई-वडील, सख्खी भावंडं आणि मुलं मोजायची, आणि त्यांना साठीच्या आत अंजायना (हृदयाला रक्त कमी पडल्याने छातीत होणारी वेदना) किंवा हार्ट अटॅक आलेला असला तरच. वडिलांना ६७ व्या वर्षी झटका आला असेल तर खूण करायची नाही. काका, मामा, आजोबा यांना हा रकाना लागू नाही. भीतीपोटी खूण केली की आकडा उगाच फुगतो.

चौथा, रक्तदाबाचं औषध. ते चालू असेल आणि त्यामुळे दाब १२५ असेल, तर १२५च टाकायचा आणि औषधाच्या चौकटीतही खूण करायची. ही खूण विसरली की कॅल्क्युलेटर त्या माणसाला मुळातच निरोगी दाबाचा समजतो.

बटण दाबल्यावर येणारं पान बारकाईने पाहण्यासारखं आहे. सगळ्यांत वर दहा वर्षांचा टक्का येतो. सोबत हाच आकडा वाक्यात सांगितलेला असतो: अशीच परिस्थिती असलेल्या शंभर जणांच्या गर्दीत दहा वर्षांत इतक्यांना हार्ट अटॅक किंवा पक्षाघात येण्याची शक्यता आहे. आणि शंभर चेहऱ्यांचं चित्र, त्यात तितके चेहरे वेगळे. या चित्रासाठी मी क्यूरिस्क३ला सगळ्यांत जास्त गुण देतो. ‘९ टक्के’ वाचून एक जण घाबरतो, दुसरा दुर्लक्ष करतो. पण शंभरांतले नऊ चेहरे आणि उरलेले एक्याण्णव दोघांनाही एकदम दिसतात. एक्याण्णव दिसणं महत्त्वाचं आहे, कारण टक्क्याच्या आकड्यात ते लपलेले असतात.

त्याखाली तक्ता येतो. त्याच वयाच्या, लिंगाच्या, वंशाच्या निरोगी माणसाची जोखीम किती हे तिथे दिलेलं असतं. ही ओळ फार उपयोगी आहे. आपल्या आकड्यातला किती भाग निव्वळ वयामुळे आहे आणि किती भाग बदलता येण्याजोग्या गोष्टींमुळे, हे त्या वजाबाकीतून साधारण कळतं. सत्तरीच्या आसपासच्या पुरुषाचा आकडा सगळं उत्तम असूनही दहाच्या वर जातो. त्याला ‘तुम्ही धोक्याच्या रेषेवर आहात’ एवढंच सांगितलं तर त्याच्या हातून काहीतरी चुकलंय असं वाटतं. शेजारी निरोगी समवयस्काचा जवळपास तितकाच आकडा दिसला की चित्र स्पष्ट होतं.

माझी तक्रार पुढच्या दोन ओळींबद्दल आहे. एक सापेक्ष जोखमीची. समजा तुमचा आकडा ९ टक्के आणि निरोगी समवयस्काचा ३ टक्के, तर ही ओळ ‘३’ दाखवेल. दुसऱ्या कुणाचा १.२ टक्के आणि निरोगी समवयस्काचा ०.४ टक्के असेल तरी ती ‘३’च दाखवेल. पहिल्याच्या बाबतीत निरोगी गटापेक्षा शंभरांत सहा जास्त जणांना झटका, दुसऱ्याच्या बाबतीत हजारात आठ जास्त. दोघांनाही ‘तिप्पट धोका’ हेच शब्द लक्षात राहतात. तरुण वयात निरोगी माणसाची जोखीम इतकी कमी असते की थोड्याशा वाढीनेही पट मोठी दिसते. सापेक्ष आकडा काढूनच टाकावा असं मी म्हणणार नाही; पंचविशीतल्या रोज वीस सिगारेटी ओढणाऱ्याला निव्वळ निरपेक्ष आकडा दाखवला तर तो ‘एक टक्कासुद्धा नाही’ म्हणून निश्चिंत होईल, आणि त्याचं चाळिशी-पन्नाशीचं भविष्य त्या आकड्यात नाहीच. पण दोन्ही आकडे एकाच तक्त्यात, सारख्याच अक्षरात, काही खुलासा न करता ठेवणं बरोबर नाही.

दुसरी ओळ ‘निरोगी हृदयाचं वय’. तुमच्याइतकी जोखीम एखाद्या निरोगी माणसाला कोणत्या वयात असते, ते हे वय. चाळिशीच्या माणसाला ‘तुमचं हृदय ५५ चं’ असं वाचून धक्का बसतो आणि काही जण त्या धक्क्याने सिगारेट सोडतात, तेवढा उपयोग आहे. पण हे वय हृदयाची तपासणी करून काढलेलं नसतं; सापेक्ष जोखीमच वेगळ्या वेषात समोर येते. त्यावरून औषधाचा निर्णय घेता येत नाही.

आकड्यातल्या दशांशाबद्दलही सावध राहावं. ९.८ आणि १०.३ यांत फरक मानण्याइतकी अचूकता अशा कुठल्याही समीकरणात नसते. सकाळ-संध्याकाळचा रक्तदाब बदलला तरी त्याहून जास्त फरक पडतो. ब्रिटनच्या नाइस संस्थेची स्टॅटिनसाठीची शिफारस दहा टक्क्यांच्या रेषेवर उभी आहे, पण २०२३ पासून तिनेही दहाच्या खाली असणाऱ्यांना, त्यांची इच्छा असेल तर, स्टॅटिनचा विचार करण्याची मुभा दिली आहे.

आता तुलना. इथे सगळ्यांत मोठा घोळ होतो तो दोन कॅल्क्युलेटरचे टक्के शेजारी ठेवण्यामुळे. क्यूरिस्क३ अंजायना आणि तात्पुरता पक्षाघात यांनाही घटना मानतो. अमेरिकेतला २०१३ चा जुना कॅल्क्युलेटर फक्त हार्ट अटॅक, हृदयधमनीच्या विकाराने मृत्यू आणि पक्षाघात मोजत असे. २०२३ चा प्रिव्हेंट त्या गटाचा आकडा वेगळा देतो, हार्ट फेल्युअरचा वेगळा आणि दोन्ही मिळून तिसरा. युरोपातला मूळ स्कोअर केवळ मृत्यू मोजायचा. २०२१ मध्ये आलेला स्कोअर२ जीव वाचलेले झटकेही मोजतो. ऑस्ट्रेलियाचा २०२३ चा कॅल्क्युलेटर तर दहाऐवजी पाच वर्षांची जोखीम देतो, म्हणून तिथले १० टक्के ‘जास्त जोखीम’ या गटात जातात. टक्क्याचं चिन्ह सगळीकडे तेच, पण एका ठिकाणचा १० दुसऱ्या ठिकाणच्या १० इतका कधीच नसतो. अमेरिकेतही प्रिव्हेंटचे आकडे जुन्या समीकरणांच्या सरासरी जवळपास निम्मे येतात, कारण जुनी समीकरणं जोखीम वाढवून सांगत होती. त्यामुळे स्टॅटिनचा विचार करण्यासाठी जुन्या कॅल्क्युलेटरवर ठरवलेली ७.५ टक्क्यांची रेषा नव्यावर तशीच ओढता येत नाही.

प्रिव्हेंट ३० ते ७९ वयासाठी आहे आणि त्यात किडनीच्या कामाचा आकडा, म्हणजे ईजीएफआर, द्यावाच लागतो. तो ज्यावरून काढतात ती रक्तातल्या क्रिएटिनिनची तपासणी नसेल तर गाडी तिथेच अडते. वंश तो विचारत नाही. त्याची खरी ताकद ३० ते ५९ वयोगटासाठी मिळणाऱ्या तीस वर्षांच्या आकड्यात आहे. पस्तिशीतल्या माणसाची दहा वर्षांची जोखीम जवळपास नेहमीच कमी येते आणि तो निर्धास्त होतो. तीस वर्षांचा आकडा शेजारी आला की तोच रक्तदाब आणि तीच सिगारेट वेगळी दिसते. हे क्यूरिस्क३च्या निकालात नाही आणि असायला हवं होतं.

जागतिक आरोग्य संघटनेचे तक्ते २०१९ मध्ये नव्याने बनले. जगाचे २१ विभाग करून प्रत्येकासाठी वेगळा तक्ता आहे, दक्षिण आशियासाठीही. प्रयोगशाळा जवळ नसेल तर कोलेस्टेरॉलऐवजी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) वापरणारा तक्ता घ्यायचा. छापील कागदावर रंगीत चौकट शोधायची आणि तिच्यातला पूर्ण आकडा वाचायचा, इतकं सोपं. दशांश नसल्यामुळे खोट्या अचूकतेचा मोहही नाही. मात्र बीएमआयच्या तक्त्यात मधुमेहाचा रकाना नाही, त्यामुळे मधुमेही व्यक्तीची जोखीम तो कमी दाखवतो. त्यांच्यासाठी रक्त तपासणीचाच तक्ता हवा.

आकडा मिळाला की लोक एक प्रयोग करतात आणि तो जवळजवळ प्रत्येक जण चुकीचा वाचतो. फॉर्ममध्ये गुणोत्तर ५ च्या जागी ३.५ टाकतात, आकडा किती उतरला ते पाहतात आणि तेवढा औषधाचा फायदा समजतात. तसं होत नाही. कॅल्क्युलेटर वेगवेगळ्या माणसांची तुलना करतो. तो एकाच माणसाला औषध दिल्यावर काय होईल ते सांगत नाही. सिगारेटच्या रकान्यात ‘सोडलंय’ निवडल्यावर आकडा एका क्लिकमध्ये उतरतो, शरीरात ती घट व्हायला वर्षं लागतात. औषधाचा फायदा काढायची योग्य रीत वेगळी आहे: तुमची निरपेक्ष जोखीम घ्यायची आणि तिला चाचण्यांमधून आलेली सापेक्ष घट लावायची. स्टॅटिनच्या एकत्रित चाचण्यांनुसार एलडीएल एक मिलिमोलने, म्हणजे साधारण ३९ मिलिग्रॅमने, उतरलं की हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या मोठ्या घटना सुमारे एक पंचमांशाने घटतात. जोखीम २० टक्के असेल तर ती १६ वर येते, म्हणजे २५ जणांमागे एकाची घटना टळते. १० टक्क्यांवर ती ८ होते, ५० जणांमागे एक. २ टक्क्यांवर ती १.६ होते, २५० जणांमागे एक. गोळी तीच, तिची सापेक्ष घटही तीच. पण शेवटच्या गटातल्या २४९ जणांना दहा वर्षं रोज गोळी घेऊनही त्या मुदतीत काही मिळत नाही, आणि दुष्परिणामांची शक्यता मात्र तिन्ही गटांना असते. हा हिशोब कॅल्क्युलेटरनेच करून, दुसऱ्या शंभर चेहऱ्यांच्या चित्रात शेजारी दाखवला पाहिजे. क्यूरिस्क३च्या पानावर तो नाही, आणि माझ्या दृष्टीने ही त्याची सगळ्यांत मोठी उणीव आहे.

वयस्कांसाठी आणखी एक सूचना. क्यूरिस्क३चा दहा वर्षांचा आकडा दुसऱ्या कारणाने आधी मृत्यू येण्याची शक्यता विचारात घेत नाही. ऐंशीच्या आसपासच्या, इतर आजारही असलेल्या माणसाची हृदयविकाराची जोखीम त्यामुळे खरीपेक्षा जास्त दिसते. सत्तरीपुढच्यांसाठी बनवलेला युरोपचा स्कोअर२-ओपी ही दुरुस्ती करतो. हाडं मोडण्याची जोखीम सांगणारा, २००८ पासून चालू असलेला शेफील्डचा फ्रॅक्सही ती करतो.

ज्यांना आधीच हार्ट अटॅक किंवा पक्षाघात येऊन गेलाय त्यांनी यांपैकी काहीच वापरू नये. त्यांची जोखीम मुळातच जास्त धरून उपचार होतात. आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉल असलेल्यांनाही हे आकडे फार कमी सांगतात. स्टॅटिन चालू असताना क्यूरिस्क३ भरला तर उतरलेल्या कोलेस्टेरॉलमुळे आकडा फसवा येतो. औषध सुरू होण्याआधीचे अहवाल असतील तर तेच वापरावेत. प्रिव्हेंट मात्र अशी औषधं चालू आहेत का हे स्वतंत्रपणे विचारतो.

डॉक्टरांकडे जाताना नुसता टक्का सांगू नका, तो कशावरून आला तेही कागदावर एका ओळीत लिहून न्या: क्यूरिस्क३, दहा वर्षं, ९ टक्के, निरोगी समवयस्क ३ टक्के, एकूण/एचडीएल गुणोत्तर ५.०, वरचा दाब तीन मोजण्यांची सरासरी १४२, दाबाची गोळी चालू, स्टॅटिन नाही.